तोडलेली गारगोटी, तापलेली वाळू

पांढऱ्या गारगोटीचे दोन तुकडे रात्रीच्या अंधारात एकमेकांवर जोरात घासले, की आतल्या आत पिवळसर उजेड फाकतो आणि पाठोपाठ काहीतरी जळल्यासारखा वास येतो. ओढ्याकाठी वाढलेल्या बहुतेक मुलांनी हा खेळ केलेला असतो. चकमकीची ठिणगी म्हणजे जळता लोखंडाचा कण; इथे लोखंड नाहीच. शिवाय गारगोट्या पाण्यात बुडवून घासल्या तरी उजेड दिसतो. गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचा स्फटिक. तो फुटताना अणूंमधले बंध तुटतात, पृष्ठभागावर विद्युतभार अलग होतात आणि मोकळ्या झालेल्या ऊर्जेचा थोडा अंश उजेड होऊन निघून जातो. काही अंश मात्र त्या नव्या पृष्ठभागावरच अडकून राहतो. तिथे अर्धवट सुटलेले, जोडीदार शोधणारे अणू असतात. रसायनशास्त्रात त्यांना मुक्त मूलक म्हणतात. बोलताना आपण सर्रास फ्री रॅडिकल म्हणतो.

सिलिका हा पदार्थ आपल्याला अगदी निरुपद्रवी वाटतो. नदीची वाळू, खिडकीची काच, बुटांच्या खोक्यात सापडणारी सिलिका जेलची पुडी, सगळी त्याचीच रूपं. रासायनिक सूत्र सगळ्यांचं एकच: एका सिलिकॉनमागे दोन ऑक्सिजन. पण हाच पदार्थ बारीक धूळ होऊन छातीत गेला तर काही ठिकाणी दहा-वीस वर्षांनी आजार देतो, काही ठिकाणी दोन-तीन वर्षांत माणूस नेतो आणि काही ठिकाणी फारसं काही करत नाही. सूत्र तेच असताना इतका फरक का, हा प्रश्न शास्त्रज्ञांना शंभर वर्षांहून जास्त काळ छळत आला. त्याचं उत्तर कणाच्या पोटात सापडत नाही, कणाच्या कातडीवर सापडतं. तो कण कसा तुटला, किती तापला, किती वेगाने गार झाला आणि त्यानंतर त्याला पाणी कधी भेटलं, हा सगळा इतिहास त्या एका अणूइतक्या जाडीच्या थरात लिहिलेला असतो.

स्फटिकाच्या आत सगळं सुरळीत असतं. प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन आणि प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनना जोडणारा पूल. कोणाचा हात मोकळा नाही. अडचण कडेला येते. शेवटच्या सिलिकॉनला चौथा ऑक्सिजन मिळाला तरी त्या ऑक्सिजनला पलीकडे जोडायला कोणी नसतं. साध्या दमट हवेत ही उणीव पाणी भरून काढतं. त्या ऑक्सिजनला एक हायड्रोजन चिकटतो आणि सिलॅनॉल नावाचा गट तयार होतो. रशियन शास्त्रज्ञ झुराव्हलेव यांनी निरनिराळ्या पद्धतींनी बनवलेल्या अस्फटिकी सिलिकेचे शंभर नमुने घेऊन या गटांची मोजणी केली. पाण्याने पूर्ण तृप्त झालेल्या पृष्ठभागावर दर चौरस नॅनोमीटरला सरासरी 4.9, म्हणजे जवळजवळ पाच सिलॅनॉल गट भरले. नमुना कोणताही असो, आकडा साधारण तोच. म्हणून तो या क्षेत्रात स्थिरांकासारखा वापरला जातो.

आता ही सिलिका भट्टीत घालू या. 180-200 अंश सेल्सियसपर्यंत फक्त वर चिकटलेलं पाणी उडतं. गटांना धक्का लागत नाही. तिथून वर गेलं, की शेजारशेजारचे दोन सिलॅनॉल गट मिळून पाण्याचा एक रेणू सोडून देतात आणि मागे उरलेल्या ऑक्सिजनचा पूल दोन सिलिकॉनना जोडतो. 400 अंशांपर्यंत हा व्यवहार उलटवता येतो. पाणी दाखवलं की गट पुन्हा उगवतात. त्यापुढे मात्र पृष्ठभाग पाणी विसरू लागतो. उरतात ते एकमेकांपासून लांब उभे असलेले एकटे गट, आणि हजार अंशांच्या आसपास तेही मोजकेच राहतात. एके काळी पाण्याने सहज भिजणारा पृष्ठभाग आता पाण्याला जवळ येऊ देत नाही.

पूल बांधला गेला म्हणजे सगळं शांत झालं, असं मात्र नाही. सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन हा कोन मोकळेपणी साधारण 144 अंशांचा असतो. पृष्ठभागावरचे दोन गट जिथे असतील तिथूनच त्यांना जोडून घ्यावं लागतं, त्यामुळे काही ठिकाणी तीनच सिलिकॉनचं चिमुकलं कडं तयार होतं आणि कोन 130 अंशांच्या आसपास दाबला जातो. निर्वातात 600-700 अंशांच्या वर तापवलं तर दोनच सिलिकॉनची कडीसुद्धा बनतात, तिथे तर कोन जवळजवळ काटकोन होतो. पतंगाची कामटी वाकवून दोऱ्याने बांधावी तसा ताण या कड्यांत बंद असतो. दोरा तुटला की कामटी सणकन सरळ होते. इथे दोरा तोडण्याचं काम पाणी करतं. बहुतेक कडी पाणी मिळताच निमूटपणे उघडतात आणि दोन सिलॅनॉल देऊन मोकळी होतात. काही मात्र मधोमध तुटतात, बंधातले दोन इलेक्ट्रॉन दोन्ही बाजूंना एकेक वाटले जातात आणि दोन्हीकडे मूलक उभं राहतं. त्याला पाण्याचा रेणू भेटला तर हायड्रॉक्सिल मूलक जन्माला येतं. सजीव पेशीच्या दृष्टीने याहून आक्रमक मूलक क्वचितच सापडेल. समोर येईल त्या रेणूतून, मग तो मेद असो, प्रथिन असो की डीएनए, ते एक हायड्रोजन ओढून घेतं.

अशी मूलकं डोळ्यांना दिसत नाहीत आणि साध्या रासायनिक परीक्षेत सापडत नाहीत. त्यासाठी ईपीआर म्हणजे इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्स हे तंत्र लागतं. 1944 साली कझान इथे येवगेनी झावोइस्की यांनी ते शोधून काढलं. जोडीत असलेले दोन इलेक्ट्रॉन एकमेकांचं चुंबकत्व मिटवून टाकतात, एकटा इलेक्ट्रॉन मात्र चुंबकासारखा वागतो; या साध्या गोष्टीवर ते उभं आहे. खलात नुकतीच कुटलेली क्वार्ट्झची चिमूटभर पूड पेन्सिलीपेक्षा बारीक नळीत भरतात. ती नळीही शुद्ध सिलिकेचीच, पण तिच्यात मूलकं नसतात म्हणून चालते. नळी मोठ्या चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ठेवून तिच्यावर सूक्ष्मलहरी सोडतात आणि चुंबकीय क्षेत्र हळूहळू वाढवत नेतात. एका ठराविक क्षेत्राला एकटे इलेक्ट्रॉन लहरी शोषतात आणि पडद्यावरची सरळ रेघ अचानक वर उसळून खाली येते. सिलिकॉनवर एकटा इलेक्ट्रॉन असेल तर ही उसळी एका जागी दिसते. तोच सिलिकॉन हवेतला ऑक्सिजन पकडून बसला असेल तर ती पसरट होते आणि सरकते. पहिल्या प्रकारच्या दोषाची खूण रॉबर्ट वीक्स यांनी 1956 मध्ये किरणांचा मारा केलेल्या क्वार्ट्झमध्ये टिपली होती. आज ती सिलिकेच्या अभ्यासातली सगळ्यात ओळखीची रेघ आहे.

हायड्रॉक्सिल मूलक इतकं अल्पजीवी असतं की त्याला असं थेट पकडता येत नाही. म्हणून पुडीत पाण्याबरोबर डीएमपीओ नावाचा एक सापळा घालतात. मूलक या रेणूला चिकटलं की जे टिकाऊ मूलक बनतं, त्याच्या चार रेषा पडद्यावर उमटतात. मधल्या दोन कडेच्या दोघींच्या दुप्पट उंच. ही चौकडी दिसली की पाण्यात हायड्रॉक्सिल मूलकं तयार होत आहेत असं समजायचं. 1988 साली अमेरिकेतल्या मॉर्गनटाउन इथे व्हॅल वल्याथन, व्हिन्सेंट कास्त्रानोव्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताज्या कुटलेल्या सिलिकेत हीच चौकडी पाहिली. त्यांनी ती पूड तशीच हवेत ठेवून पुन्हा पुन्हा मोजली, तेव्हा मूलकांचं प्रमाण उतरत गेलेलं दिसलं. ताजी धूळ पेशींना जास्त इजा करत होती, शिळी धूळ कमी. पुढे उंदरांना दोन्ही प्रकारची धूळ हुंगवली, तेव्हा फुफ्फुसातला दाहही त्याच क्रमाने आला.

या निष्कर्षाने एक जुनं कोडं सुटायला मदत झाली. वाळूचा जोरदार झोत मारून लोखंडाचा गंज काढण्याचं काम करणाऱ्यांना सिलिकोसिस, म्हणजे सिलिकेच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार, फार लवकर गाठतो, कधी कधी वर्ष-दोन वर्षांत. ब्रिटनने 1949 च्या नियमांनी ओतकामातल्या वस्तू साफ करण्यासाठी वाळूचा असा वापर बंद केला होता. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने 1974 मध्ये तशी शिफारस केली. धूळ जास्त असते हे कारण सर्वांना पटत होतं. पण तिथली धूळ जन्मल्यापासून काही सेकंदांत नाकात जाते, तिच्या पृष्ठभागाला शांत व्हायला वेळच मिळत नाही, हेही आता लक्षात आलं.

तापवण्याच्या परिणामाबद्दल इटलीतल्या तोरिनो विद्यापीठातल्या बिचे फुबिनी यांनी आयुष्यभर काम केलं, आणि माझ्या मते या विषयातले सगळ्यात सुंदर प्रयोग त्यांच्या गटाचे आहेत. सिलिकेची स्फटिकरूपं अनेक. क्वार्ट्झ 573 अंशांना आतली घडी किंचित बदलतं, 870 अंशांच्या वर ट्रिडिमाइट हे रूप स्थिर असतं, आणि 1470 अंशांच्या वर क्रिस्टोबलाइट. 1713 अंशांना ते वितळतं. भट्ट्यांमध्ये, ज्वालामुखीच्या राखेत आणि डायटमी माती भाजताना क्रिस्टोबलाइट तयार होतं, आणि ते क्वार्ट्झइतकंच, काही जुन्या प्राणीप्रयोगांनुसार त्याहूनही घातक. फुबिनी आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये क्रिस्टोबलाइटची बारीक दळलेली धूळ घेऊन ती टप्प्याटप्प्याने 1300 अंशांपर्यंत तापवली. दळताना तयार झालेली मूलकं तापमान वाढत गेलं तशी विझत गेली आणि 1300 अंशांनंतर दिसेनाशी झाली. पृष्ठभाग पाणी झटकणारा झाला, आणि पेशींना मारण्याची त्या धुळीची ताकदही उतरली. स्फटिक तोच, कणांचं रासायनिक सूत्र तेच. फक्त कातडी बदलली आणि धुळीचा स्वभाव बदलला.

मग तापवणं चांगलं की वाईट? 2012 मध्ये न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या जेफ्री ब्रिंकर यांच्या गटाने कॅलिफोर्नियातल्या सहकाऱ्यांबरोबर उलट दिशेने प्रश्न विचारला. अस्फटिकी सिलिकेचे सुमारे 16 नॅनोमीटरचे कण त्यांनी दोन पद्धतींनी बनलेले घेतले. एक थंड, पाण्या-अल्कोहोलच्या द्रावणात घडवलेले. दुसरे ज्वाळेत, सिलिकॉन टेट्राक्लोराइड हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या ज्योतीत जाळून मिळवलेले. ही दुसरी पद्धत जर्मनीत हॅरी क्लोएफर यांनी 1942 च्या सुमारास बसवली. एरोसिल या नावाने ती पांढरी, हवेपेक्षा हलकी वाटणारी भुकटी आज रबर, रंग, शाई, गोळ्या-औषधं अशा असंख्य ठिकाणी वापरली जाते. ज्वाळेतून बाहेर पडताना कण क्षणार्धात गार होतात. अणूंना नीट बसायला सवड मिळत नाही, आणि तीन सिलिकॉनची ताणलेली कडी जशीच्या तशी गोठून राहतात. द्रावणातल्या कणांत ही कडी जवळजवळ नव्हतीच. पेशींवरच्या प्रयोगांत ज्वाळेचे कण लाल रक्तपेशी फोडत होते आणि हायड्रॉक्सिल मूलकं तयार करत होते. द्रावणातले कण त्याच परिस्थितीत निरुपद्रवी ठरले. ज्वाळेच्या कणांना पुन्हा तापवलं किंवा दमट हवेत ठेवलं, की त्यांचा उपद्रव पृष्ठभागावरच्या सिलॅनॉलच्या प्रमाणाबरोबर कमी-जास्त होई.

तोरिनो आणि न्यू मेक्सिकोचे निष्कर्ष वरवर एकमेकांविरुद्ध वाटतात. पण दोन्हीकडे उष्णतेने वेगळं काम केलं आहे. तोरिनोत दळलेल्या, विस्कटलेल्या पृष्ठभागाला सावकाश तापवून अणूंना आपापली जागा शोधू दिली. ज्वाळेत अणूंना प्रचंड तापवून लगेच गोठवलं आणि ताण आत कोंडला. लोहाराला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही: पोलाद तापवून पाण्यात बुडवलं की कडक आणि ठिसूळ, तापवून राखेत हळूहळू निवू दिलं की नरम. म्हणून सिलिका ‘किती’ तापली एवढं विचारून भागत नाही. कशी गार झाली आणि त्यानंतर कोणी तिला तोडलं का, हे विचारावं लागतं. अस्फटिकी सिलिका फुफ्फुसात हळूहळू विरघळते, त्यामुळे तिचा धोका क्वार्ट्झइतका टिकाऊ नसतो, हेही इथे सांगितलं पाहिजे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1997 मध्ये कामाच्या ठिकाणी श्वासातून जाणारं क्वार्ट्झ आणि क्रिस्टोबलाइट कर्करोगकारक ठरवलं, पण अस्फटिकी सिलिका त्या यादीत घातली नाही. क्वार्ट्झबद्दलही त्या अहवालात एक महत्त्वाची नोंद होती: सगळ्या उद्योगांत हा धोका सारखा दिसत नाही आणि तो सिलिकेच्या अंगच्या गुणधर्मांवर किंवा बाहेरच्या घटकांवर अवलंबून असावा. पुढची वीस-पंचवीस वर्षं या एका वाक्याने प्रयोगशाळांना काम पुरवलं.

एक घटक बराच आधी माहीत होता. क्वार्ट्झवर ॲल्युमिनियमचा पातळ लेप बसला तर ते कमी त्रास देतं. कोळशाच्या खाणीतल्या क्वार्ट्झवर नैसर्गिकरीत्या चिकणमातीचा असा लेप असतो. यातून कॅनडातल्या ओंटारिओत एक भयंकर कल्पना निघाली. 1943 पासून 1979 पर्यंत तिथल्या खाणकामगारांना पाळीच्या आधी बंद खोलीत बसवून मॅकइंटायर पावडर नावाची बारीक ॲल्युमिनियमची धूळ हुंगायला लावत, सिलिकोसिस टळावा म्हणून. धुळीवर धुळीचा उपाय. त्या कामगारांमध्ये पार्किन्सनचं प्रमाण जास्त असल्याचं पुढे अभ्यासात दिसलं. पृष्ठभागाचं रसायन समजणं आणि त्याचा उपचार माणसांवर करून पाहणं यात केवढं अंतर असतं, ते या छत्तीस वर्षांत दिसतं. लोखंड उलट काम करतं. क्वार्ट्झवर लोखंडाचे अंश असतील तर पेशीतल्या हायड्रोजन पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल मूलकं बनण्याचा वेग वाढतो. फेंटन यांनी 1894 मध्ये वर्णन केलेल्या अभिक्रियेवर हे आधारलेलं आहे.

2016 आणि 2020 मध्ये तोरिनोच्याच फ्रान्चेस्को तुर्ची, क्रिस्टिना पावान आणि बेल्जियमच्या सहकाऱ्यांनी या चित्रात मोठी भर घातली. त्यांनी प्रयोगशाळेत क्वार्ट्झचे इवले स्फटिक वाढवले, कुठेही न तोडता. गुळगुळीत अंगाचे हे कण लाल रक्तपेशींना काहीच करत नव्हते. तेच कण दळले, की पेशी फुटू लागल्या. स्फटिकी असणं हाच गुन्हा, अशी जुनी समजूत होती; ती इथे ढासळली. दोषी कोण याचा पाठपुरावा करताना ते एका विशिष्ट जोडीपर्यंत पोहोचले: एकमेकांपासून 4 ते 6 अँगस्ट्रॉमवर असलेले, एकमेकांना जेमतेम ओळखणारे सिलॅनॉल गट. दळल्यावर ते उगवतात, आणि तापवून त्यांची संख्या कमी-जास्त करता येते. पेशीच्या पडद्याला धरण्यासाठी हे अंतर अगदी नेमकं बसतं. म्हणजे मूलकं हा एकटाच खलनायक नाही. ताजेपणी मूलकं वार करतात. ती विझून गेल्यावरही मागे राहिलेले हे गट पडदा फाडायचं काम करत राहतात. म्हणून शिळी धूळ कमी घातक असली तरी ती सुरक्षित आहे असं कोणी समजू नये.

या मूलकांचा वावर माणसाच्या छातीपुरता नाही. खडक तुटतो तिथे ती असतात. जपानमध्ये यामासाकी भ्रंशाजवळच्या जमिनीतून हायड्रोजन बाहेर पडत असल्याचं 1980 मध्ये वाकिता आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. खडक चिरडताना उघडी पडलेली सिलिकॉनची मूलकं पाण्यातून हायड्रोजन सोडवतात, हे त्याचं स्पष्टीकरण. 2022 मध्ये न्यूकॅसल विद्यापीठातल्या जॉन टेलिंग यांच्या गटाने ग्रॅनाइट, बेसॉल्टसारखे खडक ऑक्सिजनशिवाय कुटले आणि पाण्यात तापवले. तापमान 80 अंशांच्या वर, उकळीच्या जवळ नेलं तेव्हा हायड्रोजन पेरॉक्साइड तयार झालं. पृथ्वीवर प्रकाशसंश्लेषणाने ऑक्सिजन येण्याआधीही भूकंपप्रवण, गरम खडकांच्या भेगांत ऑक्सिडीकारक पदार्थ असावेत, असा त्याचा अर्थ. उष्णता आवडणारे आदिम सूक्ष्मजीव बरोबर याच तापमानात जगतात. हा धागा किती लांब जाईल ते पुढच्या दशकात कळेल. मला तो फार मोलाचा वाटतो.

आता आपल्या दारातलं. सिंधुदुर्गात कणकवली तालुक्यातल्या कासार्डे परिसरात सिलिका वाळूच्या खाणी आहेत; अशी वाळू काच आणि फाउंड्री उद्योगाला लागते. कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत ओतकामाचे कारखाने वर्षानुवर्षं चालत आले आहेत. तिथे साच्याच्या वाळूवर साधारण 1400 अंशांचं लोखंड ओतलं जातं. धातूला भिडलेल्या थरातल्या काही कणांचं क्रिस्टोबलाइट होतं. गार झाल्यावर साचा फोडतात, ओतीव वस्तू झटकतात, घासतात, आणि या प्रत्येक पायरीवर तापून गेलेले कण पुन्हा तुटतात.

त्याहून लक्ष द्यायची जागा म्हणजे इंडक्शन फर्नेसचं अस्तर. क्वार्ट्झच्या चुऱ्यात थोडं बोरिक ॲसिड मिसळून केलेला रॅमिंग मास भट्टीच्या आत ठोकून भरतात आणि 1600 अंशांच्या आसपास भाजून घट्ट करतात. धातूकडचा थर हळूहळू ट्रिडिमाइट आणि क्रिस्टोबलाइट होऊन जातो. अस्तर झिजलं की ते फोडून काढावं लागतं, आणि हे काम बहुधा न्यूमॅटिक ब्रेकरने, भट्टीच्या अरुंद तोंडात वाकून, कोरडंच केलं जातं. इथे दोन्ही गोष्टी एकत्र येतात: दीर्घ काळ तापल्याने बदललेलं स्फटिकरूप आणि त्याच क्षणी तुटलेला, मूलकांनी भरलेला पृष्ठभाग. धूळ मोजण्याच्या यंत्रात मिलिग्रॅम दिसतात. त्या मिलिग्रॅमचं वय दिसत नाही. असंच क्वार्ट्झ दळणाऱ्या गोध्र्यातल्या कारखान्यांत अलिराजपूर, झाबुआ भागातून गेलेल्या आदिवासी मजुरांचं काय झालं, ते राष्ट्रीय मानवाधिकार आयोग आणि सर्वोच्च न्यायालयाच्या कागदपत्रांत आहे. शेकड्यांनी माणसं मेली, तीही तरुण वयात. ताज्या दळलेल्या क्वार्ट्झचा याहून दारुण दाखला आपल्या देशात शोधावा लागणार नाही.

हे धोके कायद्याला अजिबात ठाऊक नाहीत असं नाही. कारखाने अधिनियमात 1987 च्या दुरुस्तीने आलेल्या तक्त्यात श्वसनीय क्वार्ट्झ धुळीची मर्यादा सूत्राने दिली होती: दहा भागिले, क्वार्ट्झची टक्केवारी अधिक दोन. शंभर टक्के क्वार्ट्झ असेल तर घनमीटर हवेत साधारण 0.1 मिलिग्रॅम. क्रिस्टोबलाइट आणि ट्रिडिमाइटसाठी याच्या निम्मी. म्हणजे तापलेल्या सिलिकेला वेगळं वागवायला हवं हे तत्त्व कागदावर आलं. धुळीच्या ताजेपणाचा मात्र कुठल्याच देशाच्या मर्यादेत हिशेब नाही.

शहरी घरांतही ही धूळ आता शिरली आहे. स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी क्वार्ट्झ नावाने विकला जाणारा कृत्रिम दगड म्हणजे नव्वद टक्क्यांहून जास्त क्वार्ट्झचा चुरा रेझिनमध्ये बसवून केलेली लादी. तो जागेवर अँगल ग्राइंडरने कोरडा कापला, की पातं तापतं, खोली पांढरी होते आणि कापणाऱ्याच्या तोंडाला फार तर रुमाल असतो. ऑस्ट्रेलियाने तरुण कारागिरांना सिलिकोसिस होताना पाहून 1 जुलै 2024 पासून असा दगड बनवण्यावर, विकण्यावर आणि बसवण्यावर बंदी घातली. आपल्याकडे तो शोरूममध्ये आहे.

उपाय मात्र सोपे आहेत आणि ते या प्रकरणातल्या रसायनातूनच निघतात. दगड तुटतो त्याच जागी, त्याच क्षणी पाणी हवं. नंतर मारलेलं पाणी फक्त जमिनीवरची धूळ बसवतं. भट्टीचं अस्तर फोडण्याआधी भिजवा किंवा अस्तर एकसंध ढकलून बाहेर काढणारी यंत्रणा बसवा. कपड्यांवरची आणि यंत्रांवरची धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, कोरडा झाडू मारू नका. रुमाल बारीक कण अडवत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा, कणांसाठी प्रमाणित मास्क लागतो. ओटा बसवून घेणार असाल तर दगड पाण्याखाली कापून आणायला सांगा आणि घरात कोरडं कापू देऊ नका. आणि घरातला कोणी फाउंड्रीत, खडी क्रशरवर किंवा दगडकामात असेल, खोकला आणि धाप घेऊन डॉक्टरांकडे जात असेल, तर तो कोणतं काम करतो ते पहिल्याच भेटीत सांगा. सिलिकोसिसच्या एक्स-रेवर क्षयाचा शिक्का सहज बसतो, सिलिकोसिस असणाऱ्याला क्षय होण्याचा धोकाही जास्त असतो, आणि कामाचा इतिहास विचारला गेला नाही तर मूळ आजार कुठेच नोंदला जात नाही.